वळणावरचा दगड

२ सप्टेंबर

गावच्या शाळेत आमचे गुरुजी रोज चार ओळी लिहायला लावत. काय लिहू असे विचारले की म्हणत, "जे पाहिलंस ते लिही, जे पाहिलं नाहीस ते लिहू नकोस." पन्नाशी जवळ आली तरी ती सवय सुटलेली नाही. आता फक्त मासेमारीच्या हंगामात लिहितो. एरवी आमच्या घरी लिहिण्यासारखे काही घडत नाही.

आज मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांचे नदीकाठचे घर उघडले. चारही खोल्या झाडल्या, गाद्यांना ऊन दाखवले, व्हरांड्यातली गळाच्या काठ्या टेकवायची फळी पुसली. हिने स्वयंपाकघरातली सगळी भांडी खाली काढून पुन्हा घासली, कारण मागच्या वर्षी मी ती घासली होती. मासे नदीत वर चढू लागले आहेत. पाणी गार आहे आणि इतके नितळ की तळाचे खडे मोजून घ्यावेत.

पहाटे नेहमीप्रमाणे नदीच्या वळणावर गेलो. गळाला लागलेला पहिला मासा सपाट दगडावर ठेवला, हात जोडले आणि मागे न पाहता परत आलो. वडील असेच करत. हंगामात रोजचा पहिला मासा नदीचा. ठेवला की वळून पाहायचे नाही. दिलेल्या वस्तूवर नजर ठेवली तर ती दिल्यासारखी होत नाही, असे ते सांगत. तीस वर्षांत मी एकदाही पाहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी दगड रिकामा असतो, एवढे मला पुरते.

४ सप्टेंबर

पाहुणे आले. एक दातांचे डॉक्टर आणि दुसरे त्यांचे सासरे, निवृत्त स्टेशनमास्तर. डॉक्टरांकडे नवी कोरी काठी, तीन पेट्या भरून गळ आणि छातीपर्यंत येणारी रबरी विजार. सासऱ्यांकडे चिकटपट्टी लावलेली जुनी काठी आणि खिशात घड्याळ. म्हाताऱ्यांचा डावा गुडघा कामातून गेला आहे, पण तोंड शाबूत आहे. सामान उतरवताना मला म्हणाले, "आमचे जावई दिवसभर लोकांना आ करायला लावतात. मासेही सांगितलं की आ करतील अशी त्यांची समजूत आहे." डॉक्टर पेट्या उतरवत राहिले. या दोघांत बोलायचे काम सासऱ्यांकडे असावे.

संध्याकाळी ताई आली. ताई म्हणजे आमच्या या बारा मैलांच्या नदीकाठाची रक्षक. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण सगळे तिला ताई म्हणतात, मीही म्हणतो. ती मला दादा म्हणते. बुटकी आहे, चालते हळू, आणि बोलायच्या आधी समोरच्याचे पूर्ण ऐकून घेते. खांद्याला पिशवी, पिशवीत वही. या वहीत नदीवरचे सगळे असते. पाणी किती, मासे किती, कोणत्या झाडाची फांदी कधी पडली.

तिने वाईट बातमी आणली. उन्हाळ्यात वरच्या रानाला आग लागली, त्यामुळे एक अस्वलाची मादी पिल्लाला घेऊन खाली आमच्या भागात आली आहे. गेल्या आठवड्यात खालच्या डोहावर दोन वेळा गळ टाकणारी माणसे तिला पाहून मासे टाकून पळाली आणि तिने ते खाल्ले. वनखात्याच्या कचेरीचा नियम असा, की माणसाकडचा मासा तीन वेळा घेणारे अस्वल मारायचे. वहीत दोन नोंदी झाल्या आहेत.

"तिसरी माझ्या हातून लिहून घेऊ नका," ताई पाहुण्यांना म्हणाली. उद्या सकाळी शिकवणी आहे, दोघांनीही हजर राहायचे.

५ सप्टेंबर

शिकवणीत अस्वल मी झालो. ताईने माझ्या अंगावर तपकिरी ब्लँकेट टाकले आणि अंगणाच्या टोकाला उभे केले. ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "त्यांना शिकवायची गरज नाही. सकाळी चहाच्या आधी असेच असतात."

ताईने विचारले, अस्वल दिसल्यावर पहिले काम काय? डॉक्टर म्हणाले, पळणे. ताई म्हणाली, "ते शेवटचंही नाही." पळालात तर ते मागे लागते आणि घोड्याइतके धावते. पहिले काम दोरी गुंडाळणे. दोरीला मासा लागलेला असेल तर दोरी कापणे, मासा कितीही मोठा असो. पाण्यातली फडफड ऐकली की अस्वलाला कुणी जेवायला हाक मारल्यासारखे वाटते. मग सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, म्हणजे आपण एक मोठे जनावर दिसतो. साध्या, खालच्या आवाजात बोलायचे, म्हणजे त्याला कळते की ही माणसे आहेत. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, पाठही दाखवायची नाही. एकेक पाऊल मागे घेत त्याची वाट त्याला मोकळी करून द्यायची. ते अंगावर धावून आले तरी जागा सोडायची नाही, बहुतेक वेळा ते फक्त घाबरवून पाहते. आणि पिशवी, डबा, मासा, काही म्हणजे काही मागे ठेवायचे नाही.

"मासा टाकून पळालात तर तुमचा जीव वाचेल कदाचित," ती म्हणाली. "तिचा जाईल. माणूस दिसला की मासा मिळतो हे एकदा तिच्या डोक्यात बसलं, की ते काढायला आमच्याकडे फक्त बंदूक उरते."

मग तिने प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री अडकवली. स्टेशनमास्तर म्हणाले, "जावईबापू, शिंपी शोभता." दोरीच्या टोकाला मासा म्हणून बादली बांधली. मी गुरगुरत निघालो. डॉक्टरांनी कात्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि तोवर अस्वल बादलीपर्यंत पोचले. तीन वेळा केले, तीनही वेळा तेच. हाताला लागलेली गोष्ट सोडणे त्यांना जमत नाही. रोज उपटून काढण्याचे काम करणारा माणूस, त्यांना तरी काय म्हणावे.

ताई रागावली नाही. म्हणाली, उद्या पुन्हा. मला या बाईचे फार कौतुक वाटते. तिला कचेरीने बंदूक दिली आहे, ती घरी कपाटात ठेवून ती कात्र्या वाटत फिरते.

९ सप्टेंबर

ताई सकाळी चहाला थांबली. तिच्या कपाळावर आठी होती. मादी आता रोज पहाटे वळणाच्या झुडपात येते, म्हणाली. ठरलेल्या वेळी येते, एखाद्याची वाट पाहावी तशी. दगडाजवळच्या चिखलात तिचे आणि पिल्लाचे ठसे आहेत आणि दगडाच्या खाचेत माशाचे खवले सापडले.

"दादा, तुमच्या पाहुण्यांपैकी कुणी तिला मासा घालतं का?"

मी सांगितले, शक्यच नाही. डॉक्टर आठच्या आधी उठत नाहीत आणि सासऱ्यांना एकट्याने तिथवर जाता येत नाही. अस्वलाला मासा घालील असा माणूस या घरात नाही, याची मी शपथ घ्यायला तयार होतो. तिने चहा संपवला. वहीत काही लिहिले नाही.

ती गेल्यावर मन लागेना. कुणीतरी माणूस अस्वलाला लाडावून ठेवतो आणि शिक्षा मात्र त्या मुक्या जीवाला. पिल्लूही तिच्यावरच अवलंबून. देवाजवळ मागणे मागायला माझ्याकडे दुसरे काय आहे? उद्यापासून नदीला एकाऐवजी दोन मासे देईन. एक नेहमीचा, एक तिच्या जिवासाठी.

१० सप्टेंबर

दोन मासे ठेवले. मन हलके झाले.

परत आल्यावर ही माझ्या रिकाम्या टोपलीकडे पाहून म्हणाली, "तुमची नदी हल्ली फार खायला लागली आहे."

१२ सप्टेंबर

आजही दोन. परत येताना वरच्या टेकाडावर ताई बसलेली दिसली, गुडघ्यावर वही, डोळ्याला दुर्बीण. मी हात हलवला. तिने नेहमीसारखा हलवला नाही.

दुपारी घरी आली. काही सांगायचे आहे म्हणाली, मग नाही म्हणाली. हिच्याकडून पाण्याचा तांब्या घेतला, अर्धा प्यायली. जाताना मला विचारले, दादा, तुमचे वडील जाऊन किती वर्षे झाली? मी सांगितले, एकवीस. ती बरं म्हणाली आणि गेली. एवढ्या कामाच्या धांदलीत माणसाला दुसऱ्याच्या वडिलांची आठवण राहते. असे लोक आता कमी.

डॉक्टरांनी आज बादली सोडली. कात्री दोरीबरोबर स्वतःच्या बोटालाही लागली, पण बादली सुटली.

१४ सप्टेंबर

आज अक्षर वेडेवाकडे येते. पण गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे जे पाहिले ते लिहितो.

पहाटे निघालो तेव्हा स्टेशनमास्तर व्हरांड्यात बसून घड्याळाला किल्ली देत होते. झोप लागत नाही, मलाही न्या, म्हणाले. मी एरवी एकटाच जातो. पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसे म्हणायचे? त्यांचा हात धरून हळूहळू नेले. जाताना ताईच्या सांगण्याप्रमाणे मोठ्याने बोलत गेलो. म्हणजे ते बोलत गेले.

वळणावर उजाडले होते. सहाव्या की सातव्या फेकीला मासा लागला, चांगला हातभर. दुसऱ्यासाठी थांबणार होतो, पण म्हातारे थंडीने कुडकुडत होते. तेव्हा एकच दगडावर ठेवला, हात जोडले आणि वळलो. स्टेशनमास्तर मात्र वळले नाहीत, त्यांना आमचा नियम माहीत नव्हता. माझ्या खांद्यावरून पाहत ते अगदी सहज म्हणाले, "तुमचे पाहुणे आले वाटतं."

तीस वर्षांत पहिल्यांदा मी मागे वळून पाहिले.

ती झुडपातून बाहेर आली होती. दगडापासून तीसेक पावलांवर येऊन खाली बसली. कुत्रे अंगणात बसते तशी, पुढचे पाय टेकवून. मागे पिल्लू. तिने माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. तिचे लक्ष दगडाकडे होते आणि मी तिथून जायची ती वाट पाहत होती. घाई नव्हती, गुरगुरणे नव्हते. रोजच्या ओळखीच्या माणसासमोर बसावे तशी ती बसली होती. या माणसाचे हात जोडून होतात, मग तो पाठ फिरवून जातो, मग आपले खाणे. हे सगळे तिला पाठ होते.

ताई ज्याला शोधत होती तो माणूस मी होतो.

हे कळायला किती वेळ लागला सांगता येत नाही. एवढे कळले की मासा तिथे राहिला तर ती तिसरी वेळ. तिसरी कसली, पंधरावी असेल. मासा माझ्यापासून चार हातांवर, तिच्यापासून तीस पावलांवर. तिच्याकडे पाठ न करता मी तिरका तिरका दगडाकडे गेलो. अस्वलाच्या समोरचे खाणे उचलायला जायचे नसते, हे मलाही माहीत होते. देवाचे नाव घेतले आणि मासा उचलला. ती उभी राहिली. मागच्या दोन पायांवर उभी राहिली तेव्हा ती किती मोठी आहे ते दिसले. मी मासा जोर लावून धारेच्या मध्यावर, खोल वेगाच्या पाण्यात भिरकावला. एकदा चमकला आणि गेला.

तिने दात वाजवले, जोराने फुसकारली आणि धावत सुटली. थेट आमच्याकडे.

माझे पाय पळायला निघाले होते. खरे लिहायचे तर एक पाऊल पळालेही. पण तेवढ्यात स्टेशनमास्तरांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. तो गुडघा घेऊन म्हातारा पुढे आला होता. आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. ओरडून नाही, फलाटावर सूचना देतात त्या संथ आवाजात.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सकाळची गाडी रद्द करण्यात आली आहे. बाई, आजपासून ही गाडी कायमची बंद. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

ती दहा पावलांवर थांबली. मातीचे ढेकूळ उडून माझ्या बुटावर पडले. तिचा श्वास ऐकू येत होता, ओल्या केसांचा वास येत होता. स्टेशनमास्तर तीच सूचना पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. मी त्यांचा कोट मुठीत धरला होता. एक पाऊल मागे, थांबायचे, पुन्हा एक पाऊल. दगड तिचा झाला तशी ती आम्हाला सोडून दगडाकडे गेली, तो हुंगला, चाटला. पिल्लानेही चाटला. मग दोघांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले असे मला वाटले.

रस्त्यावर आल्यावर स्टेशनमास्तर खाली बसले आणि गुडघा चोळू लागले. म्हणाले, "एवढी वर्षं उशिरा येणाऱ्या गाड्यांच्या प्रवाशांना तोंड दिलं. ही बाई त्यातल्या त्यात समजूतदार."

मी हसलो आणि मग मला रडू आले. म्हाताऱ्यांनी दुसरीकडे पाहिले.

१५ सप्टेंबर

रात्रभर एकच विचार होता. सांगितले नाही तर वहीत दोनच नोंदी राहतील आणि मादी वाचेल. सांगितले तर हंगामातल्या सगळ्या सकाळी त्या वहीत जातील आणि ती मरेल. माझी लाज हा प्रश्नच नव्हता, असे लिहिणार होतो. पण तोही होता.

हिला विचारले. ही भाजी चिरत होती. म्हणाली, "ताईपासून लपवून तुम्हाला वळणावर हात जोडता येतील का? मग जा तिच्याकडे."

ताईच्या घरी गेलो, दारातच सगळे सांगितले. तिने मला बसवले.

"मला तीन दिवसांपूर्वीच कळलं, दादा," ती म्हणाली. "टेकाडावरून पाहिलं. तुमचे हात जोडलेले होते. तशा माणसाला मधेच हाक मारू नये असं आई सांगायची. दुपारी सांगायला आले तर तोंडातून शब्द फुटेना. दोन दिवस मी गप्प राहिले. त्या दोन दिवसांत तुमचं काही झालं असतं तर ते माझ्या माथी आलं असतं."

वही उघडून तिने माझ्यासमोर लिहिले. सगळ्या सकाळी लिहिल्या, एकही गाळली नाही. आपले दोन दिवसांचे गप्प राहणेही लिहिले. शेवटी लिहिले, चूक माणसांची, जनावराची नाही, सुधारायला मुदत मिळावी. मी म्हणालो, ताई, हे असे लिहिले तर तुझ्या नोकरीचे काय? ती म्हणाली, खोटी वही घेऊन नोकरी करण्यात काय अर्थ आहे?

मी विचारले, तीस वर्षे मी नदीला दिले ते कोणी खाल्ले? ती म्हणाली, कावळ्यांनी, पाणमांजरांनी. माझा चेहरा पाहून तिने जोडले, "तीही नदीचीच की हो."

१६ सप्टेंबर

ताई कचेरीत जाऊन आली. दहा दिवस मिळाले. सव्वीस तारखेला साहेब स्वतः येऊन वळणावर बसणार. समोर माणूस गळ टाकत असेल. मादी त्याच्या माशाला आली तर तिथेच निकाल.

स्टेशनमास्तरांनी मुक्काम वाढवला. डॉक्टरांना विचारले नाही, नुसते कळवले.

१७ सप्टेंबर

दगड वाळूने आणि उकळत्या पाण्याने घासला, खाचांतून सुईने खवले काढले. ताई म्हणते, मासा तिथे मिळतो हे जसे तिला रोज शिकवले, तसे मिळत नाही हेही रोज शिकवायचे. आणि ते मीच शिकवायचे, कारण ती मला ओळखते.

पहाटे ताई, मी आणि हिचे सर्वांत मोठे पातेले. मादी आली. तीस पावलांवर येऊन बसली, नेहमीसारखी. ताई म्हणाली, आता. मी पळीने पातेले बडवले. इतक्या विश्वासाने बसलेल्या जीवासमोर पातेले बडवायला मन मोठे घट्ट करावे लागते. ती उठली, पुन्हा बसली. तिला वाटले माझे काहीतरी चुकले आहे.

२० सप्टेंबर

चौथा दिवस. आज ती पंधरा पावलांपर्यंत आली. ताईने मिरचीचा फवारा टोपी काढून हातात धरला, पण मारला नाही. आवाज न चढवता म्हणाली, "जा गं बाई. तुझ्यासाठीच चाललंय हे." मी बडवत राहिलो. पातेल्याला पोच आले. ताईचा हात हलला नाही, पापणीही नाही. नंतर मी विचारले, भीती वाटत नाही का? म्हणाली, फार वाटते, म्हणून तर हळू चालते.

२३ सप्टेंबर

आली, बसली नाही. गेली.

ही म्हणते, पातेले आता तिच्याच नावावर करून टाका.

२५ सप्टेंबर

दोन दिवस आलीच नाही. ताई म्हणते हे चांगले लक्षण आहे. मला मात्र वळणावर चुकल्यासारखे झाले. हे ताईला सांगितले नाही, इथे लिहितो.

डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले, उद्या गळ मी टाकतो. सासरे चक्क गप्प बसले.

२६ सप्टेंबर

साहेब आले. बरोबर बंदूकवाला. दोघे टेकाडावर बसले, ताई आणि आम्ही खाली. डॉक्टर गुडघाभर पाण्यात. तासभर काहीच नाही. मग त्यांची काठी धनुष्यासारखी वाकली.

इतका मोठा मासा मी या नदीत चार-पाचदाच पाहिला असेन. तो पाण्यावर आला तेव्हा डॉक्टरांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. रीळ करकरत होते आणि सगळे वळण त्या फडफडीने भरून गेले. त्याच वेळी पलीकडच्या काठावर ती दिसली, मागे पिल्लू. फडफड तिने ऐकली होती. ती पाण्यात उतरली. एक पाऊल, दोन. टेकाडावर बंदूक खांद्याला लागलेली मी पाहिली.

पातेले माझ्या हातात होते, पण ताईने मान हलवली. आज तिला तिचे ठरवू द्यायचे.

डॉक्टर माशाकडे पाहत होते. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. हात गळ्याकडे गेला. कात्री उघडली. मिटली नाही. बारीकसा आवाज झाला, काठी सरळ झाली आणि वळणावर एकदम शांत झाले. डॉक्टर मागे आले, आमच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि कुणीही न सांगता खालच्या आवाजात बोलू लागले. "चूळ भरा, हलू नका, जरा बधिर वाटेल," असे काहीतरी. त्यांना दुसरे बोलणे सुचले नसावे.

ती पाण्यात थांबली. आमच्याकडे पाहिले, दगडाकडे पाहिले. रिकाम्या दगडाकडे तिने बराच वेळ पाहिले. मग वळली, वरच्या धारेत गेली आणि खडकावर उभी राहून तोंड पाण्यात खुपसले. पहिला मासा निसटला. दुसरा तिने धरला. पिल्लू मधे लुडबुडले तेव्हा त्याला एक चापट बसली.

साहेब खाली येऊन ताईला म्हणाले, वही द्या. सही केली. सगळे पान वाचून केली. परत जाताना ताईची पिशवी त्यांनी स्वतः रस्त्यापर्यंत उचलून नेली.

जेवताना स्टेशनमास्तर जावयाला म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न दुखवता सोडलंत." मग थांबून म्हणाले, "मला जमलं नसतं." डॉक्टर लाजले. त्यांच्या बोटाला अजून पट्टी होती.

७ ऑक्टोबर

पाहुणे गेले. निघताना स्टेशनमास्तरांनी आपली कात्री मला परत केली नाही. डोंगरावर पहिला बर्फ दिसतो आहे. उद्या घर बंद करायचे.

आज वळणावर शेवटचा गेलो. गळ नेला नाही. दगडासमोर उभा राहिलो आणि हात जोडले. रिकामे हात जोडायची सवय नाही, त्यामुळे थोडे अवघडल्यासारखे झाले. वडील रागावले असते का, माहीत नाही. जे पाहिले नाही ते लिहायचे नाही.

मग निघालो आणि दहा पावलांवर मुद्दाम वळून पाहिले. दगड ओला होता, त्यावर एक पिवळे पान येऊन पडले होते. वरच्या धारेत ते दोघे होते. पिल्लाने मासा धरला, निसटला, पुन्हा धरला. टेकाडावर ताई बसली होती. या वेळी तिने हात हलवला.

परतताना तिच्याबरोबर आलो. आज वहीत काय लिहिले असे मी विचारले. तिने पान उघडून माझ्या हातात दिले. लिहिले होते, सकाळी सात. वरच्या धारेत मादी व पिल्लू, स्वतः मासे धरताना. वळणावर दगड रिकामा. एक माणूस, हात रिकामे.